जावळाची साक्ष

समाधान साबळेच्या नावात होतं तेवढंच समाधान. स्वभावात शोधायला गेलं तर वेळ वाया. भाचीच्या जावळाला मामा जातो तो नवे कपडे, टोपडं आणि चांदीचे वाळे घेऊन. समाधाननंही हे सगळं घेतलं होतं, पण त्याच पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळून एक यंत्र ठेवलं होतं. बहिणीच्या सासरच्यांना आज चारचौघांत उघडं पाडायचं, असं ठरवूनच तो आईसोबत निंबाळवाडीच्या माळावर उतरला.

दोन हजार बेचाळीस सालचा माघ होता. माळावरच्या देवीच्या देवळाजवळ, कडुनिंबाखाली तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या. एकीवर नवसाचं बोकड शिजत होतं, दुसरीवर भाकरीचा तवा तापत होता. समाधानच्या बहिणीची, शिवकन्याची, सासू मंदाबाई परातीत ज्वारीचं पीठ मळत बसली होती. तिच्या गुडघ्याशी एका वाटीखाली पिठाचा वेगळा छोटा गोळा झाकलेला होता.

"या पाव्हणं," मंदाबाई मान वर न करता म्हणाली. "उशीर केलाव. आमाला वाटलं, मामाबिगरच उरकावं लागतंय का काय."

"आज मी येणारच होतो," समाधान म्हणाला.

समाधानच्या आईची, विमलबाईची, नजर मात्र वाटीवर गेली होती. "हे काय ईनबाई, येगळा गोळा कुनाचा?"

"ईशूचा. तिची चानकी. बळकारळ्याची पुडी मिसळून अर्धा तास झाकून ठेवावं लागतंय ना."

"अगंबाई! एकटीसाठी येगळी भाकरी?" विमलबाईनं पदर नाकाला लावला. "आमच्या घरात असला पंक्तिप्रपंच चालत न्हाई. समद्यांना एकच पीठ, एकच तवा."

मंदाबाईनं थापलेली भाकरी अशी काही तव्यावर टाकली की पिठाचा धुरळा उडाला. विहिणी-विहिणींचं हे नेहमीचंच होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

शिवकन्या पाण्याची कळशी घेऊन आली. तिनं भावाच्या हातातली पिशवी घेतली, वजनावरूनच ओळखलं आणि त्याला देवळाच्या मागे ओढून नेलं.

"दादा, यंत्र आणलास ना?"

"आणलं."

"ठेव पिशवीतच. माझ्या लेकराच्या जावळात हे नाटक नको."

"तू गप बस. तुझ्यासाठीच करायलोय."

"मला इचारलास का?"

"इचारायचं काय? पोरीचा दंड बघ, काडी झालीय. तिच्या तोंडचा घास कुनी खाल्ला ते आज सगळ्या भावकीला कळंल. अर्ज मी आधीच टाकलाय. निकाल लागला की ईशू माझ्या घरी."

"आन् मी?"

"तूबी चल. न्हाई तर ऱ्हा हितंच, तुझं तू बघ."

शिवकन्यानं पिशवी त्याच्या हातात परत दिली. मग म्हणाली, "मागं लागू नको दादा. तुलाच जड जाईल." पण समाधानला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नव्हती, आणि हातात सरकारी यंत्र आल्यापासून तर मुळीच नव्हती.

त्या यंत्राची गोष्ट आधी सांगायला हवी. ज्वारी-बाजरीत लोह नसतं, जस्त नसतं, असं नाही. असतं, पण त्याच दाण्यात फायटिक आम्ल नावाचा एक कंजूषही बसलेला असतो. तो त्यांना असं धरून ठेवतो की ते पोटातून जातात आणि अंगी न लागता बाहेर पडतात. मोठी माणसं चार-चार भाकरी आणि वर डाळ-भाजी खाऊन निभावून नेतात. लहान लेकराचं पोट मुठीएवढं. ते चतकोर भाकरीत भरतं, आणि लेकरू भरल्या पोटी वाळत जातं. ह्यावर संशोधकांनी कारळ्याचं एक नवं वाण काढलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं बळकारळं. त्याच्या बीत लोह, जस्त आणि चांगलं तेल तर होतंच, शिवाय त्या आम्लाला तोडणारं एक विकर होतं. पीठ कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवलं की विकर आपलं काम उरकायचं. मग तव्यावर ते मेलं तरी हरकत नव्हती. एका पुडीत एका लेकराचं एका दिवसाचं माप. चव भाजलेल्या तिळासारखी, त्यामुळे मुलं कुरकुर न करता खात.

पण पुडी नेमकी कुणाच्या पोटात जाते? आधीच्या योजनांतली पाकिटं म्हशींनी खाल्ली होती, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. म्हणून बळकारळ्याच्या खतातच जस्ताचा एक जड प्रकार मिसळला गेला. निसर्गात तो अगदी थोडा सापडतो. विषारी नाही, किरणोत्सारी नाही, आणि शरीराला दोन्ही जस्तं सारखीच. खाल्लेलं जस्त रक्तातून केसाच्या मुळाशी पोचतं, आणि केस कातडीबाहेर आला की त्यात जे गेलं ते गेलं. केस महिन्याला करंगळीच्या नखाएवढा वाढतो. म्हणजे मुळाशी आत्ताची भाकरी आणि शेंड्याला फार पूर्वीची. यंत्र लेसरचा बारीक ठिपका केसावरून फिरवायचं आणि जड जस्त सापडेल तिथं पडद्यावर काळी पट्टी उमटवायचं.

मग आला वाटा-कायदा. ज्या घरात लेकराचा वाटा लेकराला पोचत नाही, त्या घरात ते पाच वर्षांचं होईस्तोवर मुक्कामाला ठेवायचं नाही. यंत्रानं दिलेला निकाल त्याच क्षणी जिल्ह्याला जाणार. मध्ये कुणाला हात घालता येणार नाही. समाधान ह्याच खात्यात केस-तपासनीस होता. त्यानं कितीतरी घरांतून लेकरं हलवली होती. आया त्याच्या नावानं बोटं मोडायच्या, पायाही पडायच्या. तो पाय मागे घेऊन म्हणायचा, "मी काय केलं? केस बोलला."

मागच्या श्रावणात शिवकन्याचं सासूशी कडाक्याचं वाजलं, नवऱ्यानं, बालाजीनं, आईची बाजू घेऊन बायकोवर हात उगारला, आणि समाधान गाडी घेऊन बहिणीला आणि तिच्या लेकीला, ईश्वरीला, आपल्या गावी, हिंगणीला घेऊन आला. ईश्वरीची पुडीसुद्धा त्यानं एका दिवसात आपल्या पत्त्यावर फिरवून घेतली. खात्यातलाच माणूस, त्याला कोण अडवणार? दिवाळीला बालाजी चार माणसं घेऊन आला, नाक घासून बायको-मुलीला परत घेऊन गेला. आणि पंधरा दिवसांत निंबाळवाडीच्या अंगणवाडीत ईश्वरीच्या दंडाला मापाची पट्टी लावली तर ती लाल, म्हणजे पोर कुपोषित! समाधानच्या डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरली नव्हती. केस तपासायला माणूस पाठवला, तर मंदाबाईनं त्याला दारातूनच वाटेला लावलं. नवसाचं जावळ होतं. देवीपुढं उतरेपर्यंत एका केसालाही कात्री लागायची नव्हती. समाधाननं त्याचा अर्थ एकच काढला. चोरी झाकायला देवीचा पदर धरलाय.

दुपार कलायच्या आत जावळाला सुरुवात झाली. मामानं मांडी घातली आणि ईश्वरीला त्याच्या मांडीवर बसवलं. तीन वर्षांची पोर, पण वजन असं की मांडीला कळूही नये. डोक्यावर मात्र पाठीपर्यंत आलेलं तांबूस जावळ होतं. तिच्या मुठीत खोबऱ्याचा तुकडा होता.

"मामाला घास न्हाई व्हय?" समाधान सवयीनं म्हणाला.

आईबरोबर हिंगणीला असताना त्यानंच तिला शिकवलं होतं, एकटं खाऊ नये, वाटून खावं. ईश्वरीनं खोबरं त्याच्या तोंडाशी धरलं. त्यानं कोपरा चावला आणि बायका कौतुकानं हसल्या.

न्हाव्यानं पहिली बट उतरवली. मंदाबाईनं ती कणकेच्या गोळ्यात झेलली. वस्तरा फिरत गेला आणि ईश्वरी रडत गेली. गोटा झाल्यावर तिला शिवकन्यानं उचलून घेतलं, आणि त्याच क्षणी समाधाननं मंदाबाईच्या हातातल्या ताटातून एक लांब बट उचलली.

"पाव्हणं, ते देवीचं हाय!"

"देवीला उरलेलं द्या. ही बट सरकारची."

त्यानं टॉवेल सोडला. डब्याएवढं यंत्र सतरंजीवर मांडलं. भावकीतले पुरुष पुढं सरकले, बायकांचे हात जागच्या जागी थांबले. बालाजी उठून उभा राहिला. "दाजी, बसा," समाधान म्हणाला. "भ्यायचं कारन नसंल तर बसा."

"मी कशाला भिऊ?" बालाजी म्हणाला, पण बसला नाही.

कुठलाही केस लावण्याआधी यंत्राला एक कोरा केस दाखवावा लागतो, बळकारळं कधीच न खाल्लेल्या माणसाचा. म्हणजे यंत्राला शून्य कुठं ते कळतं. कार्यालयात अशा केसांची सीलबंद नळी असते. पण हे यंत्र सुट्टीच्या दिवशी गुपचूप उचललेलं, नळी कपाटात कुलपात. समाधानला त्याची फिकीर नव्हती. मानेवर रुळणारे केस राखायची त्याला हौस होती. त्यातलाच एक उपटून त्यानं यंत्रात ठेवला.

"नमुना कोरा नाही," यंत्रातली बाई म्हणाली.

त्यानं केस पुसला, पुन्हा ठेवला.

"नमुना कोरा नाही."

"पाव्हणं, यंत्रालाबी तुमचं पटंना व्हय?" मंदाबाई म्हणाली, आणि माळभर हशा पिकला. समाधानचे कान लाल झाले. हाताला काहीतरी लागलं असेल, असं पुटपुटत त्यानं न्हाव्याच्या डोक्यावरचा एक केस मागून घेतला. तो यंत्राला मुकाट चालला.

मग ईश्वरीचा केस. लेसरचा हिरवा ठिपका मुळापासून शेंड्याकडे निघाला. पडद्यावर काळी पट्टी उमटू लागली, चांगली दाट. समाधानच्या कपाळाला आठी पडली. काळी, काळी, आणि मग एकदम पांढरी.

"बघा!" तो ओरडलाच. "बघा समदे! मोकळं हाय! पोरीच्या पोटात काय बी गेलं न्हाई! मी म्हनत होतो का न्हवतो?" त्यानं पडदा वर उचलून चारी बाजूंना फिरवला. पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे शेंड्यापर्यंत पुन्हा काळी पट्टी उमटत होती, पण तिच्याकडं बघायला त्याला धीर नव्हता. त्यानं अंगठा दाबून निकाल पक्का केला.

यंत्रातली बाई तिच्या नेहमीच्या गोड आवाजात बोलली. "ऑगस्ट ते ऑक्टोबर, वाटा पोचलेला नाही. इतर सर्व महिने, वाटा पोचलेला आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर बालकाचा नोंदणीकृत पत्ता: साबळे, मुक्काम हिंगणी. निकाल जिल्हा कार्यालयास पाठवला आहे."

मंदाबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"परत एकदा सांग म्हनावं तिला," मंदाबाई सावकाश म्हणाली. "मला म्हातारीला नीट ऐकू न्हाई आलं."

"खोटं हाय!" विमलबाई उसळून उभी राहिली. "माझ्या ह्या हातानं रोज पुडी फोडलीय मी! एक दिस चुकले असंन तर देवीनं हितंच माझी जीभ झडवावी."

"फोडलाव. आन् घातलाव कुठं?" मंदाबाईनं विचारलं.

"पिठात! आनि कुठं?"

"कुनाच्या पिठात?"

"घराच्या. एकाच परातीत. एका लेकराला निराळं आन् बाकीच्यांना निराळं, असं पाप माझ्या सासूनं केलं न्हाई आन् मीबी केलं न्हाई. समद्यांनी मिळून खाल्लं. ईशूनंबी खाल्लं."

तिच्या आवाजात खोट नव्हती. सगळ्या जन्मात तिनं कुणाला डावं-उजवं केलं नव्हतं. पाहुण्याच्या आणि गड्याच्या ताटात तिच्या हातची भाकरी सारखीच पडायची. गावात त्याबद्दल तिचं नाव होतं. त्याच चांगुलपणानं तिनं नातीला उपाशी ठेवलं होतं, आणि ते तिला अजूनही कळलं नव्हतं.

समाधानला मात्र कळलं. दुसऱ्यांच्या घरचे असले हिशेब तर त्याच्या पोटापाण्याचाच भाग होते. घरात खाणारी सात माणसं, परातीत एका पुडीचं पीठ. ईश्वरी चतकोर खाऊन ताटावरून उठायची. म्हणजे तिच्या वाट्याला पुडीतली चिमूटसुद्धा आली नाही. सारखं वाटलेलं पीठ ज्याच्या पोटात जास्त जागा त्याच्याकडे जास्त गेलं. आणि त्या घरात सगळ्यांत जास्त जेवणारा कोण? दिव्याखाली अंधार तो असा. जिल्हाभरच्या लेकरांच्या दंडाला पट्ट्या लावत फिरणाऱ्यानं घरात पंगतीला बसणाऱ्या भाचीचा दंड तीन महिन्यांत एकदाही बघितला नव्हता.

"पाव्हणं," मंदाबाई म्हणाली, "तुमचा तो केस हाय ना, कोरा न्हवता म्हने. तो लावा की आता."

"त्याची काय गरज न्हाई."

"लावा. तुमीच म्हनता ना, केस बोलतो म्हनून. बोलू द्या."

समाधाननं केस उचलला नाही. बालाजीनं उचलला, आणि यंत्राच्या खाचेत ठेवला. हिरवा ठिपका निघाला. मुळाशी पांढरं, मग तीन नखांएवढी लांब करडी पट्टी, मग पुन्हा पांढरं. पट्टी फिकट होती, मोठ्या माणसाच्या अंगात पसरून फिकट झालेली. पण ईश्वरीच्या केसातल्या पांढऱ्या तुकड्याशेजारी धरली असती तर दोन्ही टोकं बरोबर जुळली असती. सतरंजीवर बसलेल्या शाळेतल्या पोरांनाही ते दिसलं.

"शिवू," समाधान बहिणीकडं वळला. "तुला म्हाईत होतं?"

"दुसऱ्याच दिशी आईला म्हनले मी. येगळी चानकी कर, म्हनून. ती म्हनली, सासरी भांडून आलीस आन् हितं येऊन माझ्या घरात दोन पिठं मळतीस? मग गप बसले. रुसून आलेल्या लेकीला परातीत हात घालता येत न्हाई, दादा."

"मला सांगायचं होतंस!"

"तुला?" शिवकन्या हसली, आणि ते हसणं ऐकून विमलबाई बाजूला जाऊन बसली. "तू रोज ताटावर बसून म्हनायचास, आई, भाकरी आजकाल लई ग्वाड लागायलीय, तिळावानी. अजून एक वाढ. कवा सांगायचं होतं तुला? तू खाताना, का खाऊन झाल्यावर?"

समाधानला ती चव आठवली. इतक्या लख्ख आठवली की तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची त्याला स्वतःचीच शिसारी आली.

खिशातला फोन थरथरला. जिल्ह्याचं काम चोख होतं. त्यानंच ते तसं करवून घेतलं होतं. ईश्वरी हिला पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत साबळे, मुक्काम हिंगणी, या घरी मुक्कामास ठेवण्यास मनाई. समाधान साबळे यांचा ताब्याचा अर्ज नामंजूर. बालाजीनं त्याच्या खांद्यावरून वाकून सगळं वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं.

"मी वर बोलतो," समाधान घाईघाईनं म्हणाला. "साहेबांना भेटतो. असं कसं, माझीच भाची..."

"कसं बोलणार?" मंदाबाई म्हणाली. "मधी कुनाला हात घालता येत न्हाई म्हनं."

शिवकन्यानं ईश्वरीला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं. "दादा, एक सांग. श्रावणात ह्यानं माझ्यावर हात उगारला तवा मी लेकरू घिऊन तुझ्या दारात आले. उद्या परत उगारला तर मी हिला घिऊन कुठं जाऊ?"

समाधाननं फोन खिशात ठेवला. बहिणीला ह्या घरातून सोडवायला तो आला होता, आणि ह्या घराबाहेर तिला असलेलं एकुलतं एक दार त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं बंद केलं होतं. बालाजी हे सगळं ऐकत होता. मिशीवरून बोट फिरवून खाली बसला, आणि ह्या वेळेला अगदी निवांत बसला. शिवकन्यानं ते पाहिलं. समाधाननंही पाहिलं.

जेवणं तर व्हायलाच हवी होती. बोकड देवीचं होतं. रीतीप्रमाणं पहिलं ताट मामाला. उठून जावं असं समाधानला वाटलं, पण मामा न जेवता उठला तर जावळाला दोष लागतो, आणि आई एका कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसली होती. तो बसला. मंदाबाईनं रश्शाची वाटी ठेवली, भाकरी ठेवली, त्यावर दुसरी ठेवली, तिसरी ठेवली.

"पोटभर जेवा पाव्हणं. ह्यात ईशूचं काय न्हाई."

माणसं जेवू लागली. समाधाननं तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून राहिला.

तव्यावरून सगळ्यांत शेवटी चानकी उतरली. मंदाबाईनं ती फुंकून ईश्वरीच्या हातात दिली. गोटा केलेल्या डोक्यावर हळद लावलेली ती पोर तळहाताएवढी भाकरी दोन्ही हातांत धरून पंगतीतून चालत आली. तिला कसलं काय माहीत? एक घास घेतला, मामाचं ताट दिसलं, आणि शिकवल्याप्रमाणं ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. चानकीचा तुकडा मोडून तिनं त्याच्या तोंडाशी धरला. भाजलेल्या तिळाचा वास आला.

"मामा, घास."

सगळं माळरान त्याच्याकडं बघत होतं. समाधानचं तोंड उघडेना आणि मिटूनही राहीना.

शिवकन्या उठून आली. तिनं लेकीचं मनगट धरलं, हलकेच वळवलं, आणि तो तुकडा ईश्वरीच्याच तोंडात घातला.

"तू खा, बाळा," ती म्हणाली. "मामाचं खाऊन झालंय."